भिंतीआडचं वायफाय

आटपाडी परिसरात वायफाय बसवायचं काम करताना एक तक्रार सारखी कानावर येते : ‘प्लॅन तर मोठा घेतलाय, मग व्हिडिओ कॉल मधीच कशापायी तुटतोय वो?’ गेल्या डाळिंबाच्या हंगामात एका पॅकिंग शेडवर हेच ऐकलं. मालकानं फोनवर व्यापाऱ्याला माल दाखवायचा आणि नेमका भाव ठरताना कॉल बंद! कुणीतरी त्यांच्या गळ्यात आधी महागडा राउटर मारला, मग त्याहून मोठा प्लॅन. पैसे गेले, फरक शून्य. राउटर होता घरात, दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंतीआड, लोखंडी कपाटावर. शेडला चारही अंगांनी पत्रा.

प्लॅनचा वेग राउटरपर्यंत येतो, पुढचं काम लाटांचं. २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची साडेपाचच्या आसपास. दुसरीवर वेग जास्त मिळतो, पण जाड भिंतीत ती लवकर संपते. पाण्याची टाकी, ओली माती, डाळिंबाचा दाट पाला लाटा शोषतात. पत्रा त्यांना परत फिरवतो. अशा ठिकाणी राउटर कितीही भारी आणा, शेडमध्ये रेंज पोचत नाही.

आम्ही घरापासून शेडपर्यंत केबल ओढली आणि पत्र्याच्या आत उंचावर ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारं दुसरं यंत्र, बसवला. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धरा; अंतर जास्त असेल तर फायबर टाका. वळवाच्या विजांचा मार्ग तांब्यातून थेट राउटरपर्यंत येतो, म्हणून उघड्या रानातून जायचं असेल तर मी कमी अंतरालाही फायबरच सांगतो. स्वस्तातला रिपीटर शक्यतो टाळा. तो त्याच लाटेवर ऐकतो आणि त्याच लाटेवर बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो.

५ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी बहुतेक वेळा ८० मेगाहर्ट्झ असते. ती ४० किंवा २० करा. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो. आकड्यातला वेग कमी दिसेल, पण कॉल टिकेल, आणि धंद्याला तेच हवं. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं निवडा. मधली बरीचशी रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावं लागतं.

खरेदीआधी मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप उघडून, जिथं काम करता तिथं उभं राहून डीबीएमचा आकडा बघा. उणे ६५ च्या आसपास असेल तर अडचण दुसरीकडे आहे. उणे ७५ च्या खाली गेला तर राउटरची जागा बदला. आणि राउटर व ॲक्सेस पॉइंट, दोन्हींना छोटा यूपीएस लावा. लाइट क्षणभर गेली तरी ते पुन्हा चालू होईपर्यंत कॉल गेलेलाच असतो.