समाजमंदिराला पोलीसपाटलांचे नाव

प्रश्न : दिवंगत पोलीसपाटलांचे नाव गावातल्या नव्या समाजमंदिराला द्यायचे आहे. काय करावे? – एक वाचक, मुरबाड तालुका

उत्तर : आधी इमारत कोणाच्या मालकीची, ते पाहा. ग्रामपंचायतीची असेल तर विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्या. पाटी आधी रंगवायची आणि ठराव मागाहून, असे करू नका. तंटे तिथेच लागतात. जिल्हा परिषदेची असेल तर अर्ज ठाण्याच्या जिल्हा परिषदेकडे.

पाटीवर हुद्दा नीट लिहा. पोलीसपाटील हे १९६७च्या ग्रामपोलीस अधिनियमातले पद, जुने वतन नव्हे. आणि नावाखाली त्यांनी काय केले, ते दोन ओळींत द्या. तुमच्याच तालुक्यात, सिद्धगडावर, २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यामुळे ‘पोलीस’ शब्दाची अशी आठवण असलेल्या या भागात नुसता हुद्दा पुरत नाही; काम सांगावे लागते. नाव कामामुळेच टिकते : मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते; दहशतवादी कसाबची बंदूक त्यांनी सोडली नाही, म्हणून ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या (कीटक खाणाऱ्या, जाळी विणणाऱ्यांच्या कुळातल्या जिवाच्या) एका नव्या प्रजातीलाही २०२१मध्ये त्यांचे नाव मिळाले.

कुटुंबाची संमती मात्र ग्रामसभेआधीच लेखी घ्या.