आरोग्यसेवा आणि अंतर

शहरवासीयास दवाखाना बहुधा हाकेच्या अंतरावर असतो. वस्तीवरील मजुराची मात्र तेथे जाण्यातच रोजी बुडते; म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे शासकीय प्रमाण आहे. परंतु हे माप माणसांचे, वाटेचे नव्हे. अणदूर (ता. तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांनाच शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, ते ही वाट तोडण्यासाठीच.

भूगोलाच्या तासास शिक्षकांनी गाव ते उपकेंद्र असा नकाशा मुलांकडून काढवून घ्यावा. सर्पदंशात मंत्रतंत्रात वेळ न दवडता १०८ क्रमांकास कळवावे, हेही सांगावे. ओढ्यास पूर आल्यावर तेच अंतर किती होते, हा प्रश्न अवश्य विचारावा.