मागच्या ट्रॉलीचा दिवा

चि. दत्तूस आबाकाकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री कोल्हापूरहून एसटीने परतलेल्या मास्तरांनी जी हकीकत सांगितली, ती ऐकल्यापासून माझ्या चित्तास स्वस्थता नाही. पेठ नाक्याच्या अलीकडे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत, डेकवर गाणी लावून तू चालला होतास. मागच्या ट्रॉलीस दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टरची पट्टीही लोंबत्या उसाखाली झाकून गेली होती. एसटीच्या चालकाने ऐनवेळी ब्रेक दाबला, म्हणून आतली माणसे घरी पोहोचली.

अरे, ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते, आणि तुझा ट्रॅक्टर तर १५-२० च्या चालीने जाणार. कसूर कोणाची हे पंचनाम्यात ठरेलही. गेलेला जीव त्या कागदातून परत येत नाही.

रस्त्यावर येताना ब्रेकची दोन्ही पेडले कडीने जोडतोस ना? शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवतात; महामार्गावर एकाच बाजूचा ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर फिरतो आणि पाठीमागचे २० टन ओझे त्यास आडवे रेटते. उतारावर न्यूट्रल करू नये. हुकाची पिन व तिची खिट्टी प्रत्येक खेपेस पाहावी. ट्रॉली बंद पडून चाकांस दगड लावले, तर निघताना ते उचलून कडेला टाकावेत. पहाटे दूध घालायला निघालेल्या मोटारसायकलवाल्याचा घात त्या दगडांनी होतो. पण हे सारे यथास्थित केलेस आणि मागे दिवा नसला, तर केले ते सर्व व्यर्थ.

तुझ्या वयाचा असताना मी बैलगाडीतून गुऱ्हाळावर ऊस नेत असे. आसाखाली कंदील टांगल्याखेरीज वडील अंधारात गाडी हलू देत नसत, आणि चारचौघांत मी त्यांस त्यावरून भित्रे म्हणालो होतो. ते काही बोलले नाहीत. काच पुसून कंदील त्यांनी स्वतः बांधला. आज ती काच पुसण्याची पाळी माझ्यावर आली आहे, एवढेच.

कठोर लिहिले, मनास लावून घेऊ नकोस. दादांच्या पश्चात ट्रॅक्टरचे हप्ते तू एकटा फेडतोस, आणि गेल्या गळितात मुकादम उचल घेऊन परागंदा झाला, तेव्हाही तू तक्रारीचा शब्द काढला नाहीस, हे मी विसरलेलो नाही. मागचा दिवा व वायर बसवण्यापुरते पैसे पत्र आणणाऱ्याजवळ दिले आहेत. ते हप्त्यात घालू नकोस. जागरण फार झाले, तर एक खेप बुडू दे. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत स्वस्थ झोप. दोन वेळा नीट जेवत जा.

गळीत आटोपले की चार दिवस राहायला ये. काकू तुझ्या नावाने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवते, आणि तू येत नाहीस म्हणून बोलणी मात्र मला खावी लागतात.

तुझा,
आबाकाका