मनगटावरचा आकडा : मोजलेला की अंदाजे?

आपल्या कॅन्टीनमध्ये सहज एक नजर फिरवा. प्रत्येक टेबलावर एखाद्या तरी मनगटावर काळा पट्टा दिसेल. पूर्वी घड्याळ फक्त वेळ सांगायचं. आता ते आज किती चाललात, हृदय किती धडधडलं, किती कॅलरी जळल्या आणि रात्री गाढ झोप किती लागली, हे सगळं सांगतं. दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "यात शंभर स्पोर्ट्स मोड आहेत, घेऊन टाका!" मग घरी चर्चा सुरू होते. बँड घ्यावा की स्मार्टवॉच? की आता नवीन आलेली अंगठी?

या लेखात आपण या यंत्रांची तुलना करणार आहोत. पण किंमत आणि रंग पाहून नाही, तर इंजिनिअरच्या नजरेने. त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : स्क्रीनवरचा हा आकडा सेन्सरने प्रत्यक्ष मोजला आहे, की सॉफ्टवेअरने अंदाजाने काढला आहे?

१) आत असतं तरी काय?

मोड शंभर असले तरी आत मुख्य सेन्सर दोनच असतात. पहिला ॲक्सेलरोमीटर. सिलिकॉनच्या चिपमध्ये एक सूक्ष्म वजन स्प्रिंगवर टांगलेले असते. हात हलला की ते सरकते, कपॅसिटन्स बदलतो आणि त्यावरून तीन अक्षांवरचा प्रवेग कळतो. चालताना सेकंदाला साधारण दोन पावले पडतात, म्हणजे सुमारे २ हर्ट्झचा सिग्नल मिळतो. त्यातली शिखरे मोजली की पावले मिळतात.

दुसरा सेन्सर प्रकाशाचा. घड्याळ उलटे करून पाहा, हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखाली रक्त थोडे वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो. ही घट फोटोडायोड टिपतो. अडचण अशी की हा एसी भाग एकूण डीसी भागाच्या मानाने अगदी लहान असतो. पट्टा सैल असेल, हात थंड असेल किंवा त्या जागी गोंदवलेले असेल, तर सिग्नल गोंगाटात हरवून जातो.

काही यंत्रांत ऑक्सिजनसाठी लाल व इन्फ्रारेड दिवे आणि त्वचेच्या तापमानाचा सेन्सरही असतो. कॅलरी, स्ट्रेस, स्लीप स्कोअर वगैरे बाकी जे काही आहे, ते या मोजक्या सिग्नलमधून गणिताने काढलेले असते.

२) व्यायाम : पावले, ठोके आणि कॅलरी

पावले सोप्पी. सरळ रस्त्यावर हात मोकळे सोडून चाललात तर बहुतेक यंत्रे बऱ्यापैकी बरोबर मोजतात. पण सेन्सर पायाला नाही, हाताला बांधलेला आहे हे विसरू नका. मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना हात स्थिर असतो, म्हणून पावले कमी पडतात. उलट पोळ्या लाटताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर बाईक चालवताना न चालताही पावले वाढू शकतात.

आणि ते प्रसिद्ध दहा हजारांचे लक्ष्य? ते कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचे पावले मोजणारे यंत्र विकायला आले. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मीटर'! २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्कर महिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी दिसला आणि सुमारे ७,५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे ९,२०० पावलांवर दिवस संपला म्हणून रात्री खोलीत येरझाऱ्या घालायची काही गरज नाही.

आता ठोके. शांत बसलेले असताना मनगटावरचे घड्याळ चांगले काम करते. पळायला लागलो की खरी परीक्षा. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात आणि हृदयाचे ठोकेही तेवढ्याच पट्ट्यात असू शकतात. दोन्ही सिग्नल २.७ ते ३ हर्ट्झच्या आसपास! डीएसपीचा पेपर दिलेल्यांना पुढचे कळलेच असेल. फिल्टरने वेगळे करायचे तरी कसे? कंपन्या ॲक्सेलरोमीटरचा सिग्नल संदर्भ म्हणून घेतात आणि हालचालीचा भाग वजा करतात. तरी कधीकधी घड्याळ फसते आणि ठोक्यांऐवजी पावलेच मोजत बसते. वजन उचलताना मूठ घट्ट आवळली की मनगटाचे स्नायू ताणतात, तिथेही गडबड होते.

यावरचा उपाय जुनाच आहे : छातीचा पट्टा. फिनलंडमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये छातीवरून मनगटाकडे बिनतारी ठोके पाठवणारे यंत्र बाजारात आणले. हा पट्टा प्रकाश वापरत नाही. तो ईसीजीप्रमाणे हृदयाचा विद्युत सिग्नल पकडतो. म्हणूनच इंटरव्हल ट्रेनिंगमध्ये ठोके पटकन वरखाली होतात, तेव्हा तो मनगटाच्या घड्याळापेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

आणि कॅलरी? इथे सावध राहा. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी यंत्रे तपासली. सातपैकी सहा यंत्रांत ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के निघाली! तेव्हाची मॉडेल्स आता जुनी झाली, पण मूळ कारण तेच आहे. घड्याळ कॅलरी मोजतच नाही. तुमचे वय, वजन, उंची, हालचाल आणि ठोके समीकरणात घालून ते उत्तर काढते. समजा स्क्रीनवर ४०० कॅलरी आल्या. २७ टक्के म्हणजे १०८ कॅलरी इकडे-तिकडे, साधारण एका पोळीएवढा फरक. तेव्हा घड्याळाच्या भरवशावर जादा वडापाव खाऊ नका!

'हार्ट रेट झोन'चेही तसेच. २२० वजा वय या सूत्राने वीस वर्षांच्या मुलाचे कमाल ठोके २०० येतात. २००१ मध्ये सुचवलेल्या २०८ वजा ०.७ गुणिले वय या सूत्राने ते १९४ येतात. दोन्ही सूत्रे अनेकांच्या सरासरीची आहेत, तुमचे स्वतःचे कमाल ठोके वेगळे असू शकतात.

३) झोप : इथे खरी गोम आहे

झोप कशी मोजतात? खरी मोजणी रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये होते. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल व स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवतात. नंतर तज्ज्ञ ३०-३० सेकंदांचे तुकडे पाहून हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची आरईएम झोप ठरवतात. गंमत म्हणजे एकाच रेकॉर्डिंगवर दोन तज्ज्ञांचे एकमतसुद्धा सुमारे ८० टक्केच होते.

आता विचार करा. मनगटावरच्या घड्याळाचा मेंदूशी काही संबंध नाही. ते हालचाल, ठोके आणि दोन ठोक्यांमधल्या वेळेचा चढउतार बघते व त्यावरून 'ही गाढ झोप असावी' असे म्हणते. 'असावी' हा शब्द ॲपमध्ये कुठे छापलेला नसतो, एवढंच!

कंपन्या अचूकतेचे टक्के सांगतात, ते कसे वाचायचे? एक सोपे गणित करू. तुम्ही आठ तास अंथरुणात आहात. सात तास झोप, एक तास टक्क जागे. आता मी एक यंत्र बनवतो, त्यात सेन्सरच नाही. ते प्रत्येक मिनिटाला फक्त 'झोपलेला' असे लिहिते. त्याची अचूकता किती? सात भागिले आठ, म्हणजे ८७.५ टक्के! यंत्र पूर्ण बिनकामाचे, पण जाहिरातीत आकडा झकास दिसेल. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारायचे : झोप असताना झोप किती वेळा ओळखली? आणि जागे असताना जाग किती वेळा ओळखली? पहिल्यात बहुतेक यंत्रे चांगली आहेत, दुसऱ्यात कमी पडतात. शांत पडून मोबाईलवर सिनेमा बघणारा मुलगा घड्याळाला झोपलेला वाटू शकतो. आणि ज्याला निद्रानाश आहे, जो तासन्‌तास न हलता पडून असतो, त्याच्याच बाबतीत यंत्र सर्वांत जास्त चुकते. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच उत्तर कच्चे.

याला आणखी एक बाजू आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्द सुचवला. ट्रॅकरवर परिपूर्ण झोप दिसावी या काळजीनेच झोप उडणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सेमिस्टरच्या पेपरच्या सकाळी हे सहज होऊ शकते. उठल्यावर बरे वाटत असते, पण स्क्रीनवर ५८ गुण दिसतात आणि आजचा पेपर खराब जाणार असे मनात बसते. एका अंदाजावर आपण आपला दिवस ठरवून टाकतो!

४) मग तुलना काय सांगते?

साधा बँड : हलका, स्वस्त, एका चार्जवर बरेच दिवस चालतो. पावले आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा यासाठी विद्यार्थ्याला पुरेसा. स्वतःचे जीपीएस नसेल तर अंतरासाठी मोबाईल बरोबर न्यावा लागतो.

स्मार्टवॉच : जीपीएस, कॉल आणि काही मॉडेल्समध्ये ईसीजी. पण बरीचशी रोज किंवा एक-दोन दिवसांआड चार्ज करावी लागतात. रात्री चार्जिंगला लावले तर झोपेची नोंद शून्य.

अंगठी : फिनलंडची ओरा, बंगळुरूची अल्ट्राह्यूमन, २०२४ मध्ये आलेली सॅमसंगची. बोटात रक्तप्रवाह चांगला, म्हणून सिग्नल स्वच्छ मिळतो. झोपताना अडचण होत नाही. पण जिममध्ये डंबेल धरताना टोचते आणि किंमत जास्त. विकत घेण्याआधी दरमहा वर्गणी आहे का, तेही बघा.

छातीचा पट्टा : व्यायामातल्या ठोक्यांसाठी सर्वांत खात्रीचा. झोपेसाठी उपयोग नाही.

थोडक्यात, पळण्याची किंवा सायकलिंगची गंभीर तयारी असेल तर बँड आणि छातीचा पट्टा ही जोडी महागड्या घड्याळापेक्षा जास्त कामाची. झोपेच्या सवयीच बघायच्या असतील तर अंगठी किंवा हलका बँड. सगळे थोडे थोडे हवे असेल तर स्मार्टवॉच.

५) आई-बाबांसाठी घेताना

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. सुई न टोचता रक्तातली साखर दाखवतो असा दावा करणारी घड्याळे ऑनलाइन मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा घड्याळांविरुद्ध आणि अंगठ्यांविरुद्ध इशारा दिला. त्या वेळी अशा एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. मधुमेह असलेल्या माणसाने त्या आकड्यावर इन्शुलिनचा डोस ठरवला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मोबाईलशी जोडलेले खरे ग्लुकोज सेन्सर वेगळे असतात. त्यांचा बारीक तंतू त्वचेखाली जातो. हा फरक घरच्यांना समजावून सांगणे आपलेच काम आहे.

घोरण्याचेही तसेच. २०२४ मध्ये सॅमसंग व ॲपलच्या काही घड्याळांना स्लीप ॲप्नियाची लक्षणे ओळखण्यासाठी एफडीएची परवानगी मिळाली. पण ती फक्त सूचना, निदान नव्हे. बाबा जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंगत असतील, तर स्कोअर ९० असला तरी डॉक्टरकडे जायचे.

६) घरच्या घरी तपासणी

१. मनात मोजत ५०० पावले चाला आणि घड्याळाचा फरक लिहा. मग बाईकवर एक फेरी मारून किती फुकटची पावले मिळाली ते बघा.
२. मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून ३० सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. एकदा बसून आणि एकदा चार जिने चढल्यावर लगेच.
३. आठवडाभर झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहा आणि फक्त एकूण तास ॲपशी ताडून पाहा. गाढ झोपेच्या मिनिटांच्या मागे लागू नका.

फर्स्ट इयरला व्हर्नियर कॅलिपरचा झिरो एरर आठवतो ना? चूक प्रत्येक वेळी तेवढीच असेल तर ती वजा करता येते, यंत्र फेकून द्यावे लागत नाही. ट्रॅकरचे तसेच आहे. तेच यंत्र, तोच हात, तेवढाच घट्ट पट्टा ठेवला तर मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त चाललो का, रोज उशिरा झोपतोय का, हे ते छान सांगते. मित्राच्या घड्याळाशी तुलना मात्र निरर्थक, कारण त्याचे समीकरण वेगळे.

म्हणून नवीन ट्रॅकर हातात आला की पहिल्याच दिवशी ॲप उघडून एक यादी करा. डाव्या बाजूला 'मोजलेले', उजव्या बाजूला 'अंदाजे'. डावी बाजू लहान निघेल. काळजी करायची असेल तर त्या बाजूच्या आकड्यांची करा, तीही शंका आली तर डॉक्टरांना दाखवून. उजव्या बाजूचे आकडे महिन्यातून एकदा बघितले तरी चालतील. आणि सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत असेल, तर त्यासाठी ॲप उघडायची गरज नाही!