हिमालय ओलांडून शाळेकडे

हिंवाळा लागला म्हणजे पुणें, नागपूर अशा शहरांतून रस्त्याच्या कडेला लोंकरी कपड्यांचीं दुकानें मांडून बसलेले तिबेटी लोक आपण पाहतों. घासाघीस करून एखादा स्वेटर घ्यावा व घरीं परतावें, एवढाच बहुधा आपला त्यांच्याशीं संबंध. परंतु त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या, किंवा त्यांच्या आईबापांच्या, आयुष्यांत बर्फाची एक वाट आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

इ. स. १९५० मध्यें चिनी सैन्य तिबेटच्या पूर्व भागांत शिरलें. पुढें १० मार्च १९५९ रोजीं ल्हासा येथें लोकांचा उठाव झाला. १७ मार्चच्या रात्रीं तेवीस वर्षांचे दलाई लामा वेषांतर करून निघाले व ३१ मार्चला भारताच्या हद्दींत पोंचले. त्यांच्या मागोमाग हजारों कुटुंबें आलीं. आसामांतील मिसामारी येथें त्यांच्यासाठीं छावणी उघडण्यांत आली. पण थंड पठारावरील त्या लोकांस तेथील उष्मा मानवेना. पुष्कळ आजारी पडले. मग हिमालयाच्या पायथ्याशीं व डोंगरांत सडका बांधण्याचें काम त्यांस देण्यांत आलें. आईबाप दिवसभर दगड फोडीत, आणि लेंकरें सडकेच्या कडेला धुळींत पडून राहत.

अशा छावण्यांतून ५१ मुलें १७ मे १९६० रोजीं धर्मशाळा येथें आणण्यांत आलीं. तीं आजारी व अन्नावांचून खंगलेलीं होतीं. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनीं त्यांचा सांभाळ पत्करला. त्या १९६४ सालीं निवर्तल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनीं तें काम हातीं घेऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ चालविलें. या बाईंचें स्वतःचें शिक्षण दार्जिलिंगच्या लोरेटो कॉन्व्हेंट या मिशनरी शाळेंत झालें होतें, ही गोष्ट आम्हां मिशन शाळांतील शिक्षकांस विशेष समाधानाची वाटते. त्या लहानशा पाळणाघरांतूनच आज तिबेटी बालग्राम म्हणून ओळखली जाणारी संस्था वाढली. तेथें मुलें निरनिराळ्या घरांत विभागून राहतात व प्रत्येक घराला एक गृहमाता असते. कारण आईवांचून आलेल्या मुलास पाटीपूर्वीं आई लागते.

मसुरी येथें तर ३ मार्च १९६० रोजींच पन्नास विद्यार्थ्यांची पहिली तिबेटी शाळा सुरू झाली होती. १९६१ सालीं भारत सरकारनें या शाळांसाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें. देहरादूनजवळ राजपूर येथें मोरेव्हियन ख्रिस्ती मंडळीनेंही निर्वासित मुलांसाठीं शाळा काढली.

याच्याही पुढची गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. पुढील काळांत आईबाप स्वतः तिबेटांतच राहत व मूल तेवढें भारतांत पाठवीत. आपली भाषा, आपला धर्म व चांगलें शिक्षण हीं तिन्हीं त्यास एकाच ठिकाणीं मिळावींत, ही त्यांची आशा. सहा-सात वर्षांचें मूल एखाद्या वाटाड्याच्या स्वाधीन करावयाचें. सोबतीस भाजलेल्या जवाचें पीठ, ज्यास ते त्साम्पा म्हणतात. आपल्या सातूच्या पिठाची आठवण व्हावी असें तें असतें. दिवसा लपावयाचें, रात्रीं चालावयाचें. एव्हरेस्टच्या पश्चिमेस नांगपा ला नांवाची खिंड १८,७०० फुटांहून उंच आहे. तेथील थंडीनें कित्येकांच्या पायांचीं बोटें झडलीं, व बर्फाच्या चकाकीनें कित्येकांचे डोळे कांहीं काळ दिसेनासे झाले. ३० सप्टेंबर १९०६ नव्हे, अगदीं अलीकडे, ३० सप्टेंबर २००६ रोजीं याच खिंडींत चिनी सीमारक्षकांनीं गोळ्या झाडल्या आणि केलसांग नामत्सो ही सतरा वर्षांची भिक्षुणी ठार झाली. तिच्या तांड्यांतील कांहीं मुलें पकडलीं गेलीं. २००८ नंतर पहारा इतका कडक झाला कीं, या वाटेनें येणारांची संख्या फारच घटली. जीं मुलें पूर्वीं आलीं, त्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या आईबापांस पुन्हां पाहिलें नाहीं.

पालकहो, मोशेच्या आईनें आपलें बाळ लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यांत ठेवून नदीकांठीं सोडलें, ही कथा आपण जाणतां. मूल आपल्यापाशीं राहावें, कीं मूल मूल म्हणून वाढावें, असा प्रश्न त्या मातेपुढें होता. तिबेटी आईपुढेंही तोच होता. तिनें बरोबर केलें किंवा चूक, हा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाहीं. तिनें शिक्षणाची किंमत किती मानिली, एवढेंच आम्ही सांगतों.

आणि विद्यार्थ्यांनो, आणखी एक गोष्ट. तिबेटी परंपरा अशी कीं, सातव्या शतकांत थोन्मी संभोट या तरुणास त्याच्या राजानें विद्येसाठीं भारतांत पाठविलें, व त्यानें परत जाऊन आपल्या भाषेस तीस व्यंजनांची लिपि दिली. तींच तीस अक्षरें तेराशें वर्षांनीं निर्वासित मुलें पुन्हां भारतांतच गिरवूं लागलीं. आपल्या महाराष्ट्रांतही, गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ, १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे.

आमच्याकडे पावसाची एक जोराची सर आली तरी हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. त्या दिवशीं हजेरी घेतांना आम्हांस बर्फांतून चालणाऱ्या त्या लहान पावलांची आठवण होते. तुम्हांसही व्हावी. आणि पुढच्या हिंवाळ्यांत स्वेटर घ्याल तेव्हां भाव विचारण्यापूर्वीं, "आपलें गांव कोणतें?" असें त्या बाईस आदरानें विचारा. तिला सांगण्यासारखें पुष्कळ असेल.