वेतनाची मर्यादा व खेळाडूचा करारनामा

बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नामक शिक्षकानें प्रथम खेळविला. हिवाळ्यांत विद्यार्थ्यांस छपराखालीं व्यायाम घडावा, एवढाच त्याचा हेतु होता. आज त्या देशांत हा खेळ शेंकडों जणांचा चरितार्थ झाला आहे. आणि तेथील एन. बी. ए. नांवाच्या मंडळांत एका संघानें आपल्या सर्व खेळाडूंस मिळून वर्षाला किती वेतन द्यावें, ह्याला मर्यादा घातलेली आहे. ज्याच्याजवळ धन आहे त्यानें तें खर्चूं नये, असा निर्बंध कां बरें असावा?

कापडाच्या दुकानदाराचा शेजारी बुडाला तर त्याचें गिऱ्हाईक वाढतें. खेळाच्या धंद्याची गोष्ट निराळी. न्यू यॉर्कसारख्या महानगराचा संघ द्रव्यबळावर सगळे उत्तम खेळाडू गोळा करील, तर सामन्याचा निकाल आधींच ठरल्यासारखा होईल. मग तिकीट काढून तो पाहावयास कोण येणार? प्रतिस्पर्धी जिवंत राहण्यांतच येथें सर्वांचें हित आहे. १९४६ सालीं हें मंडळ निघालें, तेव्हां पहिल्या वर्षीं प्रत्येक संघास ५५,००० डॉलरांची मर्यादा होती. ती लगेच सोडून देण्यांत आली. पुढें १९८३ सालीं मालक आणि खेळाडूंची संघटना ह्यांच्यांत करार होऊन १९८४-८५ पासून ३६ लक्ष डॉलरांची मर्यादा सुरू झाली. २०२५-२६ सालासाठीं ती १५ कोटी ४६ लक्षांवर गेली आहे.

इतका पैसा चेंडूपायीं, असें पालकांच्या मनांत येईल. तें स्वाभाविक आहे. परंतु हा आंकडा मालकांच्या मर्जीनें ठरत नाहीं. मंडळाच्या एकंदर उत्पन्नाचा सुमारें निम्मा हिस्सा खेळाडूंचा, असें करारांत लिहिलेलें आहे, आणि अपेक्षित उत्पन्नावरून मर्यादा काढली जाते. ज्यांच्या श्रमानें पैसा मिळतो त्यांच्या वाट्याची ही लेखी हमीच होय. आमच्या मतें ह्या व्यवस्थेंतील सर्वांत न्याय्य भाग तो हाच.

मात्र ही मर्यादा पोलादी भिंत नव्हे. आपलाच जुना खेळाडू राखावयाचा असेल, तर संघास ती ओलांडतां येते. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून ह्या सवलतीस त्याचें नांव पडलें. ज्या गांवानें खेळाडूस वाढविलें, त्यानें केवळ हिशोबापायीं त्याला गमावूं नये, हा तिचा उद्देश. १९९७-९८ सालीं संघाची मर्यादा २ कोटी ६९ लक्ष डॉलर असतां शिकागोच्या एकट्या मायकेल जॉर्डनचें वेतन ३ कोटी ३१ लक्ष होतें! पुढें १९९९ च्या करारानें एकेका खेळाडूच्या वेतनासही सीमा घातली. ह्या सवलतीचा पूर्ण लाभ मिळण्यास खेळाडूनें संघ न सोडतां तीन वर्षें काढलेलीं असावीं लागतात.

ह्या तीन वर्षांच्या अटींतूनच एक कपट जन्मास आलें. मिनेसोटाच्या संघास जो स्मिथ हा खेळाडू हवा होता; परंतु मर्यादेंत जागा नव्हती. तेव्हां त्यानें एकेका वर्षाचे अल्प वेतनाचे करार ओळीनें तीनदां करावे, आणि तीन वर्षें भरल्यावर सवलतीच्या आधारें त्याला ८ कोटी ६० लक्ष डॉलरांपर्यंत द्यावे, असा गुप्त ठराव झाला. मंडळापुढें ठेवलेला करार एक, पेटींतला दुसरा. पुढें स्मिथच्या वतीनें वाटाघाट करणाऱ्या प्रतिनिधींमध्येंच दावा लागला आणि तो कागद बाहेर पडला. २००० सालीं मंडळाचे प्रमुख डेव्हिड स्टर्न ह्यांनीं संघास ३५ लक्ष डॉलर दंड केला, आणि नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीचे पांच वर्षांचे हक्क काढून घेतले. त्यांतील कांहीं मागाहून परत मिळाले.

दंडाची रक्कम श्रीमंत मालकास फारशी जड नव्हती. हक्क जाणें हेंच खरें शासन. लहान शहराच्या संघास नवा गुणी खेळाडू मिळण्याचा तोच मुख्य मार्ग असतो. आणि स्मिथ? त्याचा करार रद्द झाला, सवलतीसाठीं कमी वेतनावर काढलेलीं वर्षें फुकट गेलीं, व त्याला डेट्रॉइटच्या संघांत जावें लागलें. वर्षभरानें तो मिनेसोटास परतला. पण पेटींतल्या कागदावरची ती मोठी रक्कम त्याच्या हातीं कधींच पडली नाहीं.