अभ्यासगट : गावाची शाळा

रायपूर ही छत्तीसगढची राजधानी. तेथून राजनांदगाव-मानपूरच्या वाटेने नैर्ऋत्येकडे गेल्यास महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना गोंड समाज राहतो. घरात गोंडी बोलली जाते. कारभाराचे कागद मात्र एकीकडे हिंदीत, दुसरीकडे मराठीत. जंगल डोळ्यांसमोर असूनही त्याचे कायदे दूरच राहतात.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने या अडचणीवर स्वतःच मार्ग काढला. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने अभ्यासगट सुरू केला. त्यात साक्षर-निरक्षर असा भेद नसतो. ज्याला वाचता येते तो वाचतो. इतर ऐकतात, शंका विचारतात आणि आपल्या अनुभवाची भर घालतात. आवश्यक तेव्हा बाहेरच्या जाणकारांनाही बोलावले जाते. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने.

या अभ्यासाची कसोटी पुढे लागली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर विकण्यास वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती. नव्या कायद्याने मात्र तो 'गौण वनोपज' ठरवला होता. एका शब्दाच्या व्याख्येवर गावाची उपजीविका अवलंबून होती. गावाने ती व्याख्या समजून घेतली आणि आपली मागणी सोडली नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

अक्षरओळख ही शिक्षणाची पहिली पायरी होय. परंतु वाचलेले समजून घेणे, त्यावर एकत्र विचार करणे आणि त्याआधारे आपले जीवन घडवणे, हे शिक्षणाचे खरे प्रयोजन आहे. त्यासाठी वयाची अट नसते.

शब्दार्थ
सर्वसहमती – सर्वांची संमती
गौण वनोपज – जंगलातून मिळणारे, लाकडाव्यतिरिक्तचे उत्पन्न
उपजीविका – जगण्याचे साधन

पाठगत प्रश्न
१. अभ्यासगट आणि ग्रामसभा यांच्या कार्यांतील फरक स्पष्ट करा.
२. बांबूची वाहतूक का अडली होती?
३. आपल्या गावात किंवा वस्तीत अभ्यासगटासाठी कोणता विषय निवडाल? सकारण लिहा.